बाटलीवरचं अक्षर

"उजेड मागून घेऊ नये, पोरी," आबा म्हणाले होते. "तो आला की एकटा येत नाही."

आबा म्हणजे माझे सासरे. हे बोलणं झालं आमच्या मागच्या पायरीवर, ठकी तेव्हा चार महिन्यांची होती. ठकी माझी मुलगी. घराला लागूनच आमची कॉफीची बाग सुरू होते, आणि बागेतल्या सगळ्यात जुन्या सावलीच्या झाडाची एक फांदी, माणसाच्या कमरेएवढी जाड, छपराच्या कडेवरून पुढे आली होती. त्या छपराखाली ठकीची झोळी. वारा सुटला की फांदी कुरकुरायची आणि मी झोळीवर हात ठेवून बसायची. पाजताना वर बघायची, जेवताना वर बघायची. फांदी पडली नव्हती, पडायचं चिन्हही नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र ती रोज पडत होती, म्हणून ती तोडून टाका असं मी ह्यांच्या मागे लागले होते.

"उजेडाला काय दात असतात, आबा?" मी हसून म्हटलं.

आबा हसले नाहीत. कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दोर लावून फांदी उतरवली तेव्हा आबा बागेच्या पार वरच्या टोकाला जाऊन बसले होते, पाठ करून.

आणि खरं सांगते, उजेड सुंदर होता. मागच्या दारातून दुपारचं ऊन पहिल्यांदाच घरात आलं. जमिनीवर ताटाएवढे डाग पडायचे, वाऱ्याबरोबर सरकायचे. ठकी रांगायला लागल्यावर ते डाग धरायला जायची. मूठ मिटायची, उघडायची, मुठीत काही नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघायची, जणू मीच काढून घेतलंय. तिची दुपटी तासाभरात वाळायची. बाहेर, त्या फांदीच्या जागी जे आभाळ उघडं पडलं होतं त्याच्याखाली, कॉफीच्या झाडांची एक रांग चमकत उभी असायची. बाकीची बाग हिरव्या पाण्यात बुडाल्यासारखी आणि ती रांग तेवढी वर आलेली.

आमच्या गटाच्या वहीत मी लिहिलं: घराशेजारचं जुनं झाड, एक फांदी वाऱ्याने मोडली.

ही वही माझ्याकडे असायची. आमच्या उतारावर सत्तावीस घरं, सगळ्यांच्या बागा छोट्या, म्हणून सगळ्यांचं मिळून एकच प्रमाणपत्र. लोक त्याला शिक्का म्हणायचे, कारण पोत्यांवर हिरव्या पानाचा शिक्का उठायचा. त्या पानाचा अर्थ असा की या कॉफीसाठी ओढ्यात विष गेलेलं नाही, उगाच झाड किंवा सावलीची फांदी पाडलेली नाही, लहान मूल राबलेलं नाही, माणूस राबलाय तो नीट राबलाय. लांबच्या शहरातले लोक ते पान बघून चार पैसे जास्त देतात. त्यासाठी दरवर्षी तपासणी, आणि तपासणीसाठी वही. कुणी कधी खत घातलं, कुणाच्या बागेत किती झाडं, कुठे कीड दिसली, सगळं लिहायचं. एका घराचं चुकलं तर सत्तावीसांचा शिक्का जातो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली सून म्हणून लग्नानंतर महिन्याभरातच गटाच्या अध्यक्षांनी वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. "सूनबाईंचं अक्षर म्हणजे काय," ते म्हणाले, "तपासनीस वाचायचं सोडून बघतच बसेल."

मला ते आवडलं होतं. संध्याकाळी घरोघर जाऊन विचारायचं, मग दिव्याखाली बसून लिहायचं. लिहिलं की उतार खरोखरच तसा व्हायचा, स्वच्छ, रांगेत, ओळींच्या मधोमध.

*

पुढच्या उन्हाळ्यात आबा खोडं घासत होते. काथ्याची गुंडी घेऊन प्रत्येक झाडाची सुटी साल घासून काढायची, खोड गुळगुळीत करायचं. सालीच्या भेगेत खोडकिडा अंडी घालतो. भेग ठेवली नाही तर त्याला बिऱ्हाड मिळत नाही. आबांचं हे काम वर्षानुवर्षांचं. गुडघ्यावर बसायचं, दोन्ही तळव्यांत खोड धरून वरून खाली पिळल्यासारखं घासायचं, उठायचं, पुढचं झाड. त्यांच्या तळहातावर रेषा अशा राहिल्याच नव्हत्या.

त्या दिवशी घासण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. मी ठकीला काखेला मारून बाहेर गेले. आबा उजेडातल्या रांगेत बसले होते.

"हात लाव," ते म्हणाले.

खोडावर सालीखालून कडं उठलं होतं, बोटात अंगठी रुतावी तसं. आबांनी झाड नुसतं हलवलं. ते कडकन मोडलं. आत खोड नव्हतंच, भुसा होता, पिठासारखा बारीक.

"उन्हातलं खोड त्याला गोड लागतं," आबा म्हणाले. एवढंच. फांदीचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ह्यांनी आणि आबांनी मिळून तपासलं. अडतीस झाडं.

जेवताना आबा म्हणाले, "उपटायची आणि जाळायची. आजच्या आज. नाहीतर शेजारच्या रांगेत जाईल."

"चार वर्षं वाढवलीत मी ती," हे म्हणाले. "यंदा भरून आली असती."

"भरून आलीच आहेत. किड्यांनी."

"आबा, एक हात औषधाचा मारला तर निम्मी तरी वाचतील."

"ते औषध आपल्याला चालत नाही."

"कुणाला चालत नाही? झाडाला चालतं की."

आबांनी ताट सरकवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तू सांग."

मी ठकीचं तोंड पुसत होते. पुसून झालेलं तोंड पुन्हा पुसलं. त्या रांगेत मोकळी जागा झाली असती, तपासनीस तिथे उभी राहिली असती, मान वर केली असती, आणि वाऱ्याने मोडलेली म्हणून लिहिलेली फांदी कोयत्याने किती सरळ कापली आहे ते तिला दिसलं असतं. मी ठकीला उचललं आणि तिचे हात धुवायला आत गेले.

हे दुसऱ्या दिवशी बसने लांबच्या बाजाराला गेले. जवळच्या दुकानदाराने गावभर केलं असतं. येताना बाटली सदऱ्यात गुंडाळून आणली, तान्हं मूल आणावं तशी.

ओट्यावर ठेवून मी ती वाचली. पुढची बाजू, मागची बाजू, अगदी बारीक अक्षरातलंही. 'मुलांपासून दूर ठेवा' हे वाक्य तीनदा वाचलं. मग म्हटलं, "ही बाटली घरात कुणी बघितली तर?"

"तूच सांग काय करायचं ते," हे म्हणाले. रागाने नाही. दमलेल्या माणसाने दार लावून घ्यायला सांगावं, तसं.

मी बादलीत बाटली बुडवली. कागद भिजून सुटला, तो चुलीत घातला. वहीतलं एक कोरं पान कापलं, त्यावर लिहिलं: फिनेल. डिंकाने चिकटवलं. अक्षर छान आलं होतं. पुढे वळण, मागे वळण, वर नीट रेघ. फरशी पुसायची बाटली, कुणाच्याही घरात असते.

*

बाग त्याच आठवड्यात फुलली. कॉफी फुलते तेव्हा सांगून फुलत नाही. सकाळी उठावं तर उतार पांढरा. फांदीफांदीला बिलगलेली फुलं, पान दिसत नाही. तीन दिवस, फार तर चार. वास असा की डोकं जड होतं, माणसं बोलताना मध्येच थांबतात, काय बोलत होतो ते विसरतात. त्यात पहाटेचं धुकं. धुकं कुठे संपतं आणि फुलं कुठे सुरू होतात ते कळत नाही. या दिवसांत मी ठकीला घेऊन पायरीवर बसले की वाटायचं, आम्ही दोघी कुणाच्या तरी झोपेत आहोत आणि तो माणूस जागा होईपर्यंत आपल्याला काही होणार नाही.

अशा धुक्यातून पंपशेठ आला. पाठीवर फवारणीचा पंप, त्यामुळे आधी कुबडाची सावली दिसली, मग माणूस. उतारावर कुणाला काही फवारायचं असलं, कडुनिंबाचा अर्क म्हणा, चुन्याचं पाणी म्हणा, तर त्यालाच बोलवायचे. पन्नाशीकडे झुकलेला, एकटा जीव, सडाफटिंग. अंगावर एक सदरा आणि दोरीवर दुसरा, एवढी इस्टेट, म्हणून लोक शेठ म्हणायचे.

"वहिनी, आज काय, बारसं की लग्न?" तो फुलांकडे बघून म्हणाला. "एवढी सजावट, आणि आमंत्रण मला एकट्याला?"

"हळू बोला," हे म्हणाले.

"हळूच बोलतोय. फुलांना तरी कुठे कान असतात." त्याने बाटली हातात घेतली, झाकण उघडून नाकाजवळ नेली, लगेच लांब धरली. कागदावरचं अक्षर वाचलं, माझ्याकडे बघितलं. "फिनेल," तो म्हणाला. "चांगलं आहे. झाडांची पोटं पुसून काढू."

गटाने फवारणीसाठी एक पोशाख आणला होता. पिवळाधमक, डोक्यापासून पायापर्यंत, हातमोजे, तोंडाला जाळी. तो अध्यक्षांच्या घरी कपाटात असायचा आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघायचा. तो मागायला गेलो असतो तर अध्यक्षांनी विचारलं असतं, कशाला? आणि घातला असता तर समोरच्या डोंगरावरूनही दिसला असता. इतका पिवळा होता तो. म्हणून पंपशेठ सदऱ्यावरच वाकला.

त्याने एकेका खोडाला बुडापासून हातभर उंचीपर्यंत भिजवलं. दांडा मारायचा, वाकायचा, फिरायचा. पांढऱ्या फुलांखाली तो पांढऱ्या धुक्यात नाहीसा व्हायचा, चार झाडं सोडून पुन्हा दिसायचा. मी खिडकीतून बघत होते. ठकीला आत घेतलं होतं, सगळ्या खिडक्या लावल्या होत्या, दाराच्या फटीला ओला पंचा लावला होता. एका काचेतून मात्र बघत होते. त्याच्या पंपाच्या पट्ट्याजवळून काहीतरी गळत होतं. सदऱ्यावर पाठीच्या मधोमध एक काळा डाग होता, तो खाली खाली वाढत गेला, कमरेपर्यंत. मला दिसलं. मला ते काय आहे हे कळतही होतं. मी खिडकी उघडली नाही, कारण खिडकी उघडली असती तर वास आत आला असता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगते आहे.

काम झाल्यावर तो दाराशी आला. मी दार बोटभर उघडलं.

"वहिनी, बाटली मीच नेतो. तुमच्याकडे नको. परवा तपासणी ना? माझ्याकडे कोण येतंय तपासायला."

"आंघोळ करा लगेच. साबण लावून."

"करतो की. आंघोळीला काय, ओढा आहे."

"ओढ्यात नको!" मी म्हटलं.

तो हसला. "बरं बाई. शिक्क्याचा ओढा. घरी बादलीत करतो." बाटली खिशात घालून तो धुक्यात शिरला.

*

दुपारी ठकीला निजवता निजवता माझाही डोळा लागला. स्वप्नात मी वही लिहीत होते आणि अक्षरं फुलांसारखी पांढरी होती, पांढऱ्या कागदावर. लिहीत होते, वाचता येत नव्हतं. कुणीतरी दारातून विचारत होतं, काय लिहिलंय? मी म्हणत होते, सगळं लिहिलंय, सगळं.

हे खरोखरच दारात उभे होते.

"पंपशेठ खळ्यावर पडला," ते म्हणाले. खळं म्हणजे कॉफी वाळवायची मोठी फरशी, ती अध्यक्षांच्या घरापुढेच आहे. "तोंडातून फेस येतोय. अध्यक्षांनी जीपमध्ये घालून खालच्या दवाखान्यात नेलं."

"आंघोळ केली होती?"

"मला काय माहीत!"

"डॉक्टरांना काय सांगितलं?"

हे चौकटीला हात टेकून उभे राहिले. "खिशात बाटली होती."

फिनेल. माझ्या अक्षरात.

"अहो, मग जा आणि नाव सांगा."

"परवा तपासणी आहे."

"अहो..."

"सत्तावीस घरं आहेत! आपलं एकट्याचं असतं तर गेलो असतो. डॉक्टर आहेत ते, त्यांना कळेल की बघून." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कळेल. कळतं त्यांना."

आबा पडवीत काथ्या वळत बसले होते. ते उठले, आत आले. झोपेतल्या ठकीला त्यांनी उचललं, खांद्यावर घेतलं. ठकी जन्मल्यापासून मी तिला सोडून पायरीच्या पलीकडे गेले नव्हते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून थट्टाही व्हायची.

"जा तू," आबा म्हणाले. "ही माझ्याजवळ आहे."

"आबा, उठली की ती..."

"रडेल. रडून कुणी मेलंय का? जा."

दवाखाना उताराच्या पायथ्याशी. मी चालत होते की पळत होते आठवत नाही. दोन्ही बाजूंनी फुलं, त्यांच्यावर मधमाश्यांचा एकच लांब आवाज. आमच्या त्या रांगेजवळून गेले तेव्हा तेवढ्या पट्ट्यात आवाज नव्हता. खाली मातीवर माश्या पडल्या होत्या, काही अजून गोल फिरत होत्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अध्यक्ष बसले होते. मला बघून उठले. एरवी ते माझ्यासाठी उठत नसत.

"सूनबाई, तुम्ही कशाला आलात? लेकरू घरी टाकून?"

"डॉक्टरीणबाई कुठे आहेत?"

"हे बघा." त्यांनी आवाज खाली आणला. "काय झालंय ते मला कळलं नाही असं समजू नका. तुमचं अक्षर मी पाच वर्षं बघतोय. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. तो बरा होईल. धट्टाकट्टा माणूस आहे. आपण त्याला काही कमी पडू देणार नाही, मी शब्द देतो. दोन दिवस जाऊ द्या. तपासणी होऊन जाऊ द्या."

"दोन दिवस तो राहील?"

अध्यक्ष परत खाली बसले. वाईट माणूस नव्हते ते. जीप त्यांनीच काढली होती, पंपशेठचं डोकं मांडीवर घेऊन तेच बसले होते. त्यांच्या धोतरावर ओला डाग होता.

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "अहो, फिनेलने असं होत नाही! नीट सांगा. काय फवारत होतात?"

आणि पंपशेठचा आवाज, जिभेवर दगड ठेवल्यासारखा. "फिनेलच... होतं... हो."

मी आत गेले. तो घामाने निथळत होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. दंडाचं मांस आपोआप उडत होतं, पाण्यावर थेंब पडावेत तसं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, त्यामुळे तो माझ्याकडे बघत होता की आणखी कुठे ते कळत नव्हतं. पण त्याने मला ओळखलं असावं. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, मला ऐकू जावं म्हणून, "फिनेल."

तो आम्हाला सांभाळत होता.

"फिनेल नाही," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई वळल्या. वयाने माझ्याएवढ्याच. "तुम्ही कोण?"

"त्यावर फिनेल मी लिहिलंय. आमच्या बागेत फवारलं ते." आणि मी नाव सांगितलं. पूर्ण नाव, किती टक्क्यांचं तेही. रसायनशास्त्राच्या परीक्षेत सांगावं तसं.

"लिहून द्या." त्यांनी कागद पुढे केला. मी लिहिलं. अक्षर छानच आलं. त्यांनी एकदा बाटली बघितली, एकदा कागद. सुई भरता भरता एवढंच म्हणाल्या, "दोन जातींची विषं सारखीच दिसतात. एका विषावर या सुईबरोबर आणखी एक औषध लागतं, दुसऱ्या विषावर ते द्यायचं नसतं. मी अर्धा तास अंदाजावर चालले होते."

व्हरांड्यात परत आले तर अध्यक्ष गेले होते.

*

तपासणीच्या दिवशी मी वही उघडून तपासनीसबाईंच्या पुढे ठेवली. आदल्या संध्याकाळी त्यात लिहिलं होतं: अडतीस झाडं, खोडकिडा, अमुक औषध, अमुक दिवशी सकाळी, पोशाखाशिवाय. आणि मागची ओळ खोडून तिच्याखाली: फांदी वाऱ्याने मोडली नाही, आम्ही तोडली. तपासनीसबाई मऊ आवाजाच्या होत्या. त्यांनी सगळं वाचलं, पाणी मागून प्यायल्या. म्हणाल्या, "तुम्ही खरं लिहिलंत, आभारी आहे." आणि एक वर्षासाठी सत्तावीस घरांचा शिक्का थांबवला.

त्यानंतरचं काय सांगू. वही माझ्याकडून गेली. अध्यक्ष स्वतः न्यायला आले नाहीत, सुनेला पाठवलं. तिने ती माझ्या हातातून दोन बोटांत धरून घेतली. कॉफी साध्या पोत्यांत गेली. खळ्यावर वाळवण पसरायला आमचा नंबर शेवटी, ऊन उतरल्यावर. पाण्याच्या टाकीवर बायका मी आले की भांड्यांशी बोलायच्या. "काय ग कळशी, तुझ्यावर काय लिहिलंय? पाणी की फिनेल?" आणि हसू. हे कुणाशी भांडले नाहीत, माझ्याशीही बोलत नव्हते. एका सकाळी उठून त्यांनी अडतीस झाडं उपटली, ढीग केला, पेटवला. कॉफीचं लाकूड जळताना फारसा आवाज करत नाही. आबा काठीने निखारे आत सारत होते.

"मी सांगितलं असतं," हे म्हणाले. "संध्याकाळपर्यंत गेलोच असतो मी."

मी एक झाड ओढून आगीत टाकलं.

त्यांनी दुसरं टाकलं आणि म्हणाले, "नसतो गेलो."

त्या दिवसापासून आमच्यात पुन्हा बोलणं सुरू झालं.

पंपशेठ अकरा दिवस दवाखान्यात होता. मी रोज जायचे, ठकीला घेऊन. तिला तो आवडायचा. पहिले काही दिवस त्याच्या हातात पेला राहत नसे, अर्धं पाणी छातीवर सांडायचं. ठकीला वाटायचं तो तिला हसवायला सांडतोय. ती टाळ्या वाजवायची, मग तो आणखी सांडायचा.

"वहिनी," एकदा तो म्हणाला, "अक्षर मात्र झकास हं तुमचं. मला नाकाने कळत होतं, तरी डोळे म्हणत होते, अरे, फिनेलच आहे."

मला हसू आलं नाही. "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? नाव कुठे ठाऊक होतं मला?"

"एवढं तरी सांगायचं, की फिनेल नाही."

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेरची फुलं आता तपकिरी होऊन गळत होती. "सत्तावीस घरांत जेवलोय मी," तो म्हणाला. "कुणाचं नाव घेऊ?"

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं. शरीरातलं जे काही या विषाशी झुंजतं ते संपून गेलंय, पुन्हा भरायला महिने लागतील. तोपर्यंत थोडंसं विष अंगाला लागलं तरी या वेळेपेक्षा वाईट होईल, आणि या वेळेसारखा वेळ मिळणार नाही. पंपाला शिवायचं नाही. वर्षभर नाहीच.

"मग कशाला शिवू?" त्याने विचारलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं तो थट्टा करतोय.

उतारावर परत आला तर त्याला कुणी काही वाईट बोललं नाही. पण तो दिसला की लोक म्हणायचे, "आला बघ पुरावा." पंपशेठचा पुरावा झाला. कडुनिंबाच्या अर्कालाही कुणी बोलवेना. पुढे हंगाम आला, वेचणीला गेला तर मुकादम म्हणायचा, हात बघ तुझे, पिकलं कच्चं सगळं ओरबाडशील. आम्ही म्हटलं, आमच्याकडे राहा. आबांनी पडवीत खाट टाकली. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी आमच्या वाळवणावर कुणीतरी राख टाकली, ती त्याने आमच्याआधी उठून झाडून काढली, आणि निघून गेला.

मी त्याच्या खोलीवर गेले. दार नुसतं ओढून घेतलेलं. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, दोरीवरचा सदरा नाही. भिंतीवर पंप टांगायचा खिळा होता, त्याच्याखाली पट्ट्याने घासून गुळगुळीत झालेली भिंत होती. पंप नव्हता.

आम्ही चौकशी केली. बस थांब्यावरचा चहावाला म्हणाला, खालच्या दिशेच्या बसमध्ये चढला. कंडक्टर म्हणाला, पंपाचं तिकीट लागेल का म्हणून विचारत होता. त्यापुढे कुणाला माहीत नाही. खाली भाजीची शेतं आहेत, फुलांची आहेत, फळबागा आहेत, आणि तिथे पंप मारायला माणूस कुणालाही हवाच असतो. त्याला मास्क देतील का, पट्टा गळतोय हे कुणी बघेल का, मला माहीत नाही. मी बघितलं होतं, तरी काय केलं?

तुमच्याकडे आला असेल. पन्नाशीचा, उंच नाही, डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन चालणारा. नाव विचारलंत तर काहीतरी गमतीचं सांगेल. तुमच्या शेजारच्या शेतात, तुमच्या मळ्यात, तुमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी पाठीवर पंप घेतलेला कुणी दिसला, तर कृपा करून एवढं करा: जवळ जा. खिडकीतून बघू नका. त्याला हात पुढे करायला सांगा, कापतात का बघा. डोळ्यांत बघा, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात का. पाठीला हात लावा, सदरा ओला आहे का. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आणि त्यावर विश्वास ठेवू नका, झाकण उघडून वास घ्या. आणि तो म्हणाला, काही नाही हो, साधंच आहे, तर त्याला तिथेच बसवा, पंप काढून घ्या आणि जवळच्या दवाखान्यात घेऊन जा. तो येणार नाही म्हणेल. तरी न्या. आज जमेल का तुम्हाला, जरा बघून यायला?